रेझ्युमेत क्रियापदाचा काळ कसा ठरवायचा: चालू काम, संपलेलं काम आणि हंगामी काम

लोटे-परशुराम, मिरजोळे, कुडाळ, महाड, रोहा इथल्या कारखान्यांत, जयगडच्या बंदरात किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जाणारे बरेच रेझ्युमे एकाच ठिकाणी घसरतात. अनुभवाच्या भागात पहिली ओळ ‘मॅनेज्ड’ने सुरू होते, दुसरी ‘मॅनेजिंग’ने, तिसरी ‘आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर’ने आणि चौथी ‘चेक्स’ने. या व्याकरणापायी कुणी लगेच रेझ्युमे बाजूला टाकेल असं नाही. पण हा माणूस हे काम अजून करतो की सोडून बसलाय, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. मुलाखतीतली पहिली पाच मिनिटं मग तेवढं विचारण्यात जातात.

काळ नोकरीवरून ठरवू नका, कामावरून ठरवा. नोकरी चालू असली तरी तिच्यातली निम्मी कामं संपलेली असतात. म्हणून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: रेझ्युमे पाठवायच्या दिवशी हे काम मी अजून करतो का? करत असाल तर वर्तमानकाळ, नसाल तर भूतकाळ. एवढा सोपा नियम हंगामी नोकरी, जहाजावरचा करार, नोटीस पिरियड आला की अवघड होतो. कोकणात हे प्रकार रोजचेच असल्यामुळे त्यांच्यावर इथे जास्त जागा खर्च केली आहे.

(रेझ्युमे इंग्रजीत धरला आहे, कारण बहुतेक जाहिराती तोच मागतात. नमुन्याच्या ओळी वाचायला सोप्या पडाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत जातील. मराठी अर्जाचा भाग शेवटाकडे आहे.)

पहिली पायरी: क्रियापदाला हात लावू नका

आधी वहीच्या पानावर चार रकाने आखा: काम, कधीपासून, कधीपर्यंत, मोजमाप. सगळं नामात लिहा. ‘पल्पिंग लाइनवरची माणसं, जून 2023 पासून, चालू, 14’ असं. ‘सांभाळतो’, ‘सांभाळली’ असलं काही नको. क्रियापद आधी लिहिलं की काळही तोंडाला येईल तो बसतो आणि मग तो बदलायचं राहून जातं.

तारखा महिना आणि वर्ष अशा लिहा. महिना आठवत नसेल तर ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर किंवा ईपीएफओच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी बघा. तिथे पीएफ कापणाऱ्या प्रत्येक मालकाकडे लागल्याची तारीख दिसते आणि मालकाने नोंदवली असेल तर सोडल्याचीही. अंदाजाने लिहिलेली तारीख आणि पोर्टलवरची तारीख जुळली नाही, तर पडताळणीत तिथेच गाडी अडते.

तिसऱ्या रकान्यात प्रत्येक कामापुढे ‘चालू’ किंवा ‘संपलं’ एवढंच लिहा. काळाचा निर्णय इथेच होतो, पुढचं सगळं टायपिंग.

जुन्या नोकऱ्या

जी नोकरी सोडली तिच्यातली प्रत्येक ओळ साध्या भूतकाळात. ‘हँडल्ड’, ‘चेक्ड’, ‘लोडेड’, ‘प्रिपेअर्ड’. इथे अपवाद शोधत बसू नका.

चूक होते ती मराठीतून उचललेल्या रूपांमुळे. ‘मी स्टोअर सांभाळत होतो’ हे आपल्याकडे अगदी सरळ वाक्य आहे, म्हणून कागदावर ‘वॉज हँडलिंग स्टोअर’ उतरतं. इंग्रजीत त्याचा रोख एखाद्या विशिष्ट वेळी काम अर्ध्यात होतं, असा जातो. तीन वर्षं नीट पार पाडलेल्या कामाला ते रूप शोभत नाही. ‘हँडल्ड’ पुरतं. ‘गाड्या भरायचो’ म्हणून ‘यूज्ड टू लोड’ही तसंच. आणि ‘केलेलं आहे’ म्हणून ‘हॅव डन’ लिहून पुढे ‘इन 2019’ जोडलं तर ती सरळ व्याकरणाची चूक. संपलेलं वर्ष दिलं की ‘हॅव’ चालत नाही.

भूतकाळातून एक ओळ मात्र सुटते. कंपनीच्या नावाखाली तिची ओळख करून देणारी ओळ लिहिलीत, उदाहरणार्थ ‘काजूगराची प्रतवारी आणि निर्यात करणारा कारखाना’, तर ती कंपनीबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. तुम्ही सोडलंत म्हणून कारखाना बंद पडलेला नाही. ती ओळ वर्तमानकाळात किंवा बिनक्रियापदाची ठेवा.

सध्याची नोकरी: दोन ढीग

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. वहीतल्या ‘चालू’ आणि ‘संपलं’ या दोन खुणांप्रमाणे ओळींचे दोन ढीग करा. रोजची, आठवड्याची, दर पाळीची कामं पहिल्या ढिगात. बसवलेलं यंत्र, पार पडलेलं ऑडिट, शिकवून तयार केलेली माणसं, कमी केलेली नासाडी दुसऱ्या ढिगात. कागदावर आधी पहिला ढीग, मग दुसरा. एक ओळ चालू, एक झालेली, पुन्हा एक चालू अशी सरमिसळ केली की काळ बरोबर असूनही ओळी विस्कटलेल्या दिसतात.

पहिल्या ढिगाचं क्रियापद मूळ रूपात घ्या: ‘सुपरवाइज’, ‘चेक’, ‘प्रिपेअर’. शेवटी ‘आयएनजी’ नको, ‘एस’ही नको. ‘आयएनजी’ येतो तो ‘सांभाळत आहे’ या सवयीतून. इंग्रजीत ते रूप सध्यापुरत्या कामाचं वाटतं, म्हणजे जणू कुणी रजेवर आहे म्हणून तुम्ही बघताय. ‘एस’ बहुतेक वेळा जाहिरातीतून चिकटतो. ‘द सुपरवायझर चेक्स एव्हरी बॅच’ असं वाक्य उचलून पहिला भाग कापला की ‘चेक्स’ उरतं. रेझ्युमेत न लिहिलेला कर्ता ‘आय’ असतो आणि ‘आय चेक्स’ कुणी म्हणत नाही.

एक कल्पित नमुना घेऊ. रत्नागिरीतल्या आंब्याच्या पल्प कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर, जून 2023 पासून कामावर, नोकरी चालू. त्याच्या रेझ्युमेत हे आहे (‘ब्रिक्स’ म्हणजे रसातल्या साखरेचं मोजमाप, ‘कॅन सीम’ म्हणजे डब्याच्या झाकणाचा सांधा):

– आय ॲम वर्किंग ॲज शिफ्ट सुपरवायझर सिन्स 2023
– मॅनेजिंग 14 वर्कर्स ऑन पल्पिंग लाइन
– हॅव ट्रेन्ड 6 न्यू ऑपरेटर्स इन 2024
– चेक्स ब्रिक्स अँड पीएच ऑफ ईच बॅच
– वॉज रिप्लेसिंग ड्रेन कव्हर्स आफ्टर ऑडिट रिमार्क
– रिड्यूस कॅन सीम रिजेक्शन फ्रॉम 3 पर्सेंट टू 1 पर्सेंट

सहा ओळींत सहा प्रकारची रूपं आहेत. दुरुस्त केल्यावर:

– सुपरवाइज 14 वर्कर्स ऑन द पल्पिंग लाइन
– चेक ब्रिक्स अँड पीएच ऑफ एव्हरी बॅच अँड साइन द बॅच शीट
– रिड्यूस्ड कॅन सीम रिजेक्शन फ्रॉम 3 पर्सेंट टू 1 पर्सेंट
– ट्रेन्ड 6 न्यू ऑपरेटर्स इन 2024
– रिप्लेस्ड ड्रेन कव्हर्स आफ्टर ॲन ऑडिट रिमार्क

पहिली ओळ गेली, कारण पद आणि तारीख वरच्या शीर्षकात आहेतच. ‘मॅनेजिंग’चं ‘सुपरवाइज’ झालं. ब्रिक्सची ओळ वर चढली, कारण ते काम रोजचं आहे. सगळ्यात महत्त्वाचा बदल मात्र दिसतो तेवढा लहान आहे: ‘रिड्यूस’ला शेवटी ‘डी’ लागला. आपल्या उच्चारात शब्दाअखेरचा तो ‘ड्’ नीट ऐकू येत नाही, म्हणून टाइप करतानाही निसटतो. ‘रिड्यूस’ म्हणजे रिजेक्शन अजून कमी करणं चालू आहे, ‘रिड्यूस्ड’ म्हणजे ते 1 टक्क्यावर आणून झालं. तुमची सगळ्यात वजनदार ओळ एका अक्षरावर उभी असते.

कमी केलं आणि तिथेच टिकवूनही ठेवलंय, असं असेल तर? एका ओळीत दोन काळ घालू नका. दोन ओळी करा. ‘टेस्ट सीम्स एव्हरी हाफ अवर’ ही चालू ओळ वरच्या ढिगात, ‘रिड्यूस्ड’ खालच्या ढिगात.

अर्धवट प्रकल्प हा सध्याच्या नोकरीतला खरा पेच. समजा अन्नसुरक्षेच्या आयएसओ 22000 चं काम चालू आहे, प्रमाणपत्र अजून हातात नाही. ‘इम्प्लिमेंटेड’ लिहिलंत तर खोटं ठरेल, ‘इम्प्लिमेंटिंग’ लिहिलंत तर नेमकं काय झालंय ते कळणार नाही. जेवढा टप्पा पुरा झाला तेवढाच भूतकाळात लिहा: ‘कम्प्लीटेड द इंटर्नल ऑडिट फॉर आयएसओ 22000’. उरलेलं मुलाखतीत सांगा.

त्याच कंपनीत बढती मिळाली असेल तर कंपनीचं नाव एकदा आणि त्याखाली दोन पदं वेगवेगळ्या तारखांनी. सुपरवायझरच्या पदाखाली वरचे दोन ढीग, ऑपरेटरच्या पदाखाली सगळं भूतकाळात. कंपनी तीच आहे म्हणून दोन्ही पदं वर्तमानात लिहिली जातात, आणि मग एकच माणूस यंत्रही चालवतोय आणि पाळ्याही लावतोय असं चित्र उभं राहतं.

ओळींची संख्या सध्याच्या नोकरीसाठी 4 ते 6, आधीच्या प्रत्येकीसाठी 2 ते 4 पुरे. जुन्या नोकरीच्या ओळी जास्त झाल्या की पान भूतकाळाने भरतं आणि आज काय करता ते खाली ढकललं जातं.

हंगाम, बंदी आणि करार

आंबा, काजू, मासे, पर्यटन, जहाज. कोकणातली बरीच कामं वर्षातून काही महिने चालतात आणि थांबतात, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा तिथेच लागतात. ऑगस्टमध्ये बसून ‘मी हे काम करतो’ म्हणायचं की ‘करत होतो’? रेझ्युमेवरचे तयार लेख बारमाही नोकरी धरून लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांत याचं उत्तर सापडत नाही.

आधी बघा, हंगामी काय आहे: नोकरी की काम? नोकरी बारमाही असेल, पगार बाराही महिने येत असेल आणि तिच्यातलं एखादंच काम हंगामात येत असेल, तर वर्तमानकाळ. साधा वर्तमानकाळ सवयीचं, वरचेवर येणारं काम सांगण्यासाठीच असतो. ‘रन द मँगो इनटेक काउंटर फ्रॉम एप्रिल टू जून एव्हरी इयर’ ही ओळ डिसेंबरात पाठवली तरी खरीच आहे. ‘एव्हरी इयर’ मात्र लिहा, नाहीतर डिसेंबरात आंबे कुठून आले, असं वाचणाऱ्याला वाटेल.

नोकरीच हंगामी असेल तर गोष्ट वेगळी. बागेत झेले-पेटीच्या, म्हणजे आंबे उतरवून पेट्या भरण्याच्या कामावर, कॅनिंगला, काजूच्या प्रतवारीला हंगामापुरतं घेतलं आणि पावसाच्या तोंडावर हिशोब करून मोकळं केलं, तर तो हंगाम संपला. मे महिन्यात अर्ज करत असाल तर वर्तमानकाळ, ऑगस्टमध्ये करत असाल तर भूतकाळ. पुढच्या वर्षी नक्की बोलावणार, हे तुम्हाला माहीत असलं तरी आजच्या तारखेला करार नाही.

इथे काळापेक्षा तारीख जास्त घात करते. ‘2022 टू प्रेझेंट’ लिहिलं की वाचणारा सलग तीन-चार वर्षांचा अनुभव धरतो. पीएफच्या नोंदीत दरवर्षी चारच महिने दिसले की तुम्ही फुगवून सांगितलं असा समज होतो, खरंतर तुम्ही फक्त तारीख ढोबळ लिहिलेली असते. असं लिहा: ‘सीझनल, मार्च टू जून, 2022, 2023, 2024 अँड 2025’. खाली ‘ग्रेडेड’, ‘पॅक्ड’, ‘रेकॉर्डेड’. त्याच मालकाने पुढचे तीन हंगाम परत बोलावलं, ही शिफारसच आहे. ती लपवायची कशाला? ‘रिहायर्ड फॉर थ्री मोर सीझन्स’ अशी वेगळी ओळ करा, भूतकाळात.

मासेमारीत जरा वेगळा विचार लागतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दिवसांत तांडेल (बोटीचा प्रमुख) किंवा इंजिन ड्रायव्हर टगवर, ड्रेजरवर किंवा बंदरातल्या नोकरीसाठी अर्ज करत असेल आणि ऑगस्टपासून त्याच बोटीवर जायचं ठरलेलं असेल, तर त्याची नोकरी चालूच आहे. बंदी सगळ्या धंद्याला असते, त्याने बोट सोडलेली नसते. ‘मेन्टेन द मेन इंजिन’, ‘कीप द फ्युएल लॉग’ असा वर्तमानकाळ बरोबर. पण मालकाशी हिशोब पुरा करून बोट सोडली असेल तर बंदीचं कारण पुढे करू नका, सगळं भूतकाळात. कसोटी एकच: हिशोब मिटला का?

मालवण-तारकर्लीच्या वॉटर स्पोर्ट्सलाही हेच लागू. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असतात. त्या महिन्यांतही तुम्ही बोटींची दुरुस्ती, सामानाची देखभाल करत पगारावर असाल तर वर्तमान. घरी असाल तर भूत.

मर्चंट नेव्हीत हा प्रश्न सगळ्यात स्वच्छ सुटतो, कारण साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या (जहाजावर रुजू होण्याच्या आणि उतरण्याच्या) तारखा सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकात, शिक्क्यानिशी असतात. साइन-ऑफ झालं की तो करार भूतकाळात, मग कंपनीने पुढच्या जहाजाचा शब्द दिलेला असो वा नसो. घरी सुट्टीवर असलेल्या खलाशाच्या अनुभवाच्या भागात एकही वर्तमानकाळी ओळ नसते आणि त्यात काही कमीपणा नाही, त्या क्षेत्रात सगळ्यांचे कागद असेच असतात. प्रत्येक कराराची जहाजाचा प्रकार, पद आणि दोन तारखा अशी एक ओळ, खाली दोन-तीन भूतकाळी कामं. वर्तमानकाळ राहतो तो प्रमाणपत्रांसाठी: ‘होल्ड’ आणि पुढे वैधतेची तारीख.

घरचा होमस्टे किंवा खानावळ चालवणाऱ्यांनी स्वतःला विचारावं, धंदा चालू आहे की मी चालवतो? आईवडील गुहागरात होमस्टे बघतायत आणि तुम्ही दोन वर्षं ठाण्याला आहात, तर धंदा चालू, पण तुमचं काम संपलं. ‘मॅनेज्ड बुकिंग्ज’, ‘मॅनेज’ नाही.

अधलेमधले प्रसंग

नोटीस पिरियडमध्ये शेवटच्या दिवसापर्यंत वर्तमानकाळच. राजीनामा दिला म्हणजे काम संपलं असं नाही. ज्या कामाचा हँडओव्हर होऊन दुसऱ्याच्या नावावर गेलं, तेवढीच ओळ आधी भूतकाळात न्या. बाळंतपणाच्या रजेवरही नोकरी चालूच असते, त्यामुळे काळ बदलायचं कारण नाही.

आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप संपायला दोन महिने असतील तर वर्तमानकाळ ठेवा आणि तारखेत पुढचा महिना ‘एक्स्पेक्टेड’ शब्दासह लिहा.

शिक्षणाच्या भागात क्रियापद जवळपास लागतच नाही. शेवटच्या वर्षाला असाल तर ‘पर्सुइंग’ चालतं. ‘आयएनजी’चं हे रूप सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. परीक्षा झाली पण निकाल नाही, तर ‘अपिअर्ड, रिझल्ट अवेटेड’. ‘अपिअरिंग’ परीक्षेआधी. ‘कम्प्लीटेड’ गुणपत्रिका हातात आल्यावर.

कौशल्यांच्या यादीतून क्रियापदं काढून टाका. ‘टॅली प्राइम’, ‘फोर्कलिफ्ट’, ‘ब्रिक्स मोजणी’ एवढंच. परवान्याचं मात्र बघावं लागतं. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र किंवा जड वाहनाचा परवाना वैध असेल तर ‘होल्ड’. वाहन परवान्याची मुदत गेली असेल तर आधी नूतनीकरण करा. तोवर ‘हेल्ड’ लिहा आणि वर्षं द्या. ड्रायव्हरच्या जागेसाठी मुदत संपलेल्या परवान्यापुढे ‘होल्ड’ लिहिणं ही काळाची चूक म्हणून कुणी सोडून देणार नाही.

रूपं आणि स्पेलिंग

काळ बरोबर ठरला तरी रूप चुकतं. ‘लीड’चा भूतकाळ ‘लेड’, स्पेलिंग एल-ई-डी. मध्ये ‘ए’ घातला की शिसं हा धातूही होतो आणि वर्तमानकाळही. वर्डचं स्पेलचेक अशा ठिकाणी बहुधा गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. ‘रन’चं ‘रॅन’, ‘कीप’चं ‘केप्ट’, ‘बिल्ड’चं ‘बिल्ट’, ‘टीच’चं ‘टॉट’, ‘सेल’चं ‘सोल्ड’, ‘बाय’चं ‘बॉट’, ‘ड्राइव्ह’चं ‘ड्रोव्ह’, ‘राइट’चं ‘रोट’. ‘ड्रिव्हन’ आणि ‘रिटन’ ही रूपं एकटी वापरता येत नाहीत.

‘ओव्हरसी’ म्हणजे देखरेख करणं, भूतकाळ ‘ओव्हरसॉ’. त्याच्याऐवजी ‘ओव्हरलुक्ड’ लिहिलेले रेझ्युमे फिरत असतात. त्याचा अर्थ दुर्लक्ष केलं. ‘ओव्हरलुक्ड सेफ्टी ऑन साइट’ ही ओळ लोट्याच्या केमिकल कंपनीत पाठवून बघा, म्हणजे बघू नकाच.

‘सेट’, ‘कट’, ‘पुट’, ‘रीड’ या चौघांचं स्पेलिंग दोन्ही काळांत तेच राहतं. ओळीच्या सुरुवातीला हे आले की काळ दिसतच नाही. ‘कट’ऐवजी ‘रिड्यूस्ड’, मीटर ‘रीड’ऐवजी ‘रेकॉर्डेड’, ‘सेट अप’ऐवजी ‘इन्स्टॉल्ड’ घ्या.

अक्षर दुप्पट करण्याचेही घोटाळे होतात. ‘प्लॅन्ड’, ‘शिप्ड’, ‘कंट्रोल्ड’, ‘ट्रान्स्फर्ड’ यांत शेवटचं व्यंजन दोनदा येतं. कॅनिंगवाल्यांसाठी ‘कॅन्ड’मध्येही दोन ‘एन’. ‘मेन्टेन्ड’, ‘ऑफर्ड’ आणि ‘रेकॉर्डेड’मध्ये एकदाच.

वरचा सारांश आणि सोबतचं पत्र

नावाखालच्या दोन-तीन ओळींच्या सारांशात आज तुम्ही कोण आहात ते सांगायचं असतं, म्हणून तो भाग वर्तमानात किंवा बिनक्रियापदाचा: ‘शिफ्ट सुपरवायझर विथ 6 इयर्स इन फ्रूट प्रोसेसिंग’. एखादी मोठी कामगिरी घातलीत तर तेवढी भूतकाळात.

पत्रात पूर्ण वाक्यं येतात आणि रेझ्युमेत टाळलेलं ‘हॅव’ इथे लागतं. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2021’ हे आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, ते चूक. बरोबर रूप ‘आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स 2021’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2021’. मागे सुरू होऊन आजवर आलेलं काम ‘सिन्स’ने सांगायचं असेल तर ‘हॅव’ घ्यावाच लागतो. नोकरी सोडलेली असेल तर ‘सिन्स’ही नाही आणि ‘हॅव’ही नाही: ‘आय वर्क्ड देअर फ्रॉम 2018 टू 2021’.

मराठी अर्ज असेल तर

पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायतीकडची कंत्राटी जागा, बचतगटांच्या संस्था इथे मराठी परिचयपत्र चालतं. भूतकाळ मराठीत सोपा पडतो, कारण सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं: ‘12 बचतगटांची खाती तपासली’, ‘थकीत कर्जाची वसुली केली’. लिहिणारा पुरुष की बाई, हे ओळीतून दिसत नाही आणि ‘मी’ही लागत नाही. ‘केलेली आहे’चं ‘केली’ करा. ‘करण्यात आली’ तर नकोच, त्यात कोणी केली तेच गायब होतं.

चालू कामाला मात्र ‘तपासतो’ किंवा ‘तपासते’ असं लिहावं लागतं आणि ओळीमागून ओळ तशी आली की कागद बोलीत लिहिल्यासारखा दिसतो. त्याला ‘-णे’ची रूपं बरी: ‘रोजची रोकड मोजून बँकेत भरणा करणे’, ‘सभासदांच्या पासबुकात नोंदी करणे’. फक्त त्यांच्या वर ‘सध्याची जबाबदारी’ हे शीर्षक हवं, नाहीतर ओळी कार्यालयातल्या सूचनाफलकासारख्या वाचल्या जातात. खाली ‘पूर्ण केलेली कामे’ या शीर्षकाखाली ‘-ली, -ले, -ला’. इंग्रजीतले दोन ढीग इथे दोन शीर्षकं होतात.

पाठवण्यापूर्वी

कागदावर प्रिंट काढा. अनुभवाच्या भागावर एक कोरा कागद असा ठेवा की प्रत्येक ओळीचा पहिला शब्दच दिसेल. वरून खाली वाचत जा. सध्याच्या नोकरीत मूळ रूपं आणि मग भूतकाळ, असा एकच बदल दिसला पाहिजे. त्याखालच्या नोकऱ्यांत बदल दिसताच कामा नये. मग फाइलमध्ये कंट्रोल-एफ दाबून ‘आयएनजी’, ‘वॉज’, ‘हॅव’ आणि ‘रिस्पॉन्सिबल’ एकेक शोधा. ‘ट्रेनिंग’ किंवा ‘पॅकिंग’ अशी नामं सापडतील, ती राहू द्या. ओळीच्या सुरुवातीला आलेली तेवढी बदला.

रेझ्युमे झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेत असाल तर जास्त जपा. तिथे आधीच्या कुणाची तरी फाइल उघडून नाव-पत्ता बदलतात आणि त्याची क्रियापदं तुमच्या कागदात राहून जातात. तुमची वहीतली यादी समोर ठेवून ओळीगणिक ताडून बघा. निघताना पीडीएफबरोबर वर्डची फाइलही स्वतःला मेल करून घ्या. ती नसली की पुढच्या वेळी एक काळ बदलायला सगळा कागद पुन्हा टाइप करावा लागतो.

नोकरी सोडाल त्या दिवशी ‘प्रेझेंट’च्या जागी महिना-वर्ष घाला आणि त्याच बैठकीत पहिल्या ढिगातल्या ओळी भूतकाळात न्या: ‘सुपरवाइज’चं ‘सुपरवाइज्ड’, ‘चेक’चं ‘चेक्ड’. दुसऱ्या ढिगाला हात लावावा लागत नाही, तो आधीच भूतकाळात आहे. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर सध्याच्या पदापुढची खूण काढून शेवटची तारीख टाका. तिथल्या वर्णनातली क्रियापदं आपोआप बदलत नाहीत, ती हातानेच बदलावी लागतात.